पट्टी नॉर्मल

अनुसया नेवारे तिसऱ्यांदा आली
तेव्हा मी नाव न विचारताच लिहिलं.
वय बेचाळीस, घर तलावाच्या पाळीखाली,
धंदा मासोळी.
"मी मरून राह्यली भाऊ, लवकर पाहा."

थंड वाट्या छातीला लावायला सिस्टर,
मी पडद्याबाहेर, सरकणारा कागद बघत.
डोंगर, दरी, डोंगर, दरी.
जरा घाईत, एवढंच.
साहेब चष्म्यावरून म्हणाले, नॉर्मल. गॅस असेल.
तिनं पट्टी अशी धरली
जसा कुणी खोटेपणाचा पंचनामा हातात दिला.

पहिल्यांदा झालं ते तुमसरच्या बाजारात.
मरळ तोलता तोलता तागडं दूर गेलं,
बोटांना मुंग्या, तोंड कोरडं,
श्वास अर्ध्यावरून माघारी.
"अन् पोटात जित्ती मासोळी.
टोपल्यात टाकल्यावर करते ना, तशी."
वीस मिनिटांत ओसरलं.
लोक म्हणाले, ऊन लागलं.
पौष होता.

मग गंडा. मग लिंबू. मग दोन सलाईन, एक पिवळी.
जाऊ म्हणाली, कामाचा कंटाळा, दुसरं काय.
मग काळीपिवळीत बसणं सुटलं
(मधल्या सीटवरून उतरायचं कसं?)
मग बाजारच सुटला.
मासोळी दारात, वीस रुपये कमी भावानं.
भीती आता बाजाराची नव्हती,
त्या वीस मिनिटांची होती,
ती परत केव्हा येतील याची.

जिल्ह्याहून मंगळवारी येणाऱ्या मॅडमनी फॉर्म ठेवलेत.
म्हणाल्या होत्या, टेंभुर्णे,
पट्टी साफ आणि माणूस घाबरलेलं, असं कुणी दिसलं
तर एवढं भरून घ्या.
मी वाचलं: गेल्या दोन आठवड्यांत
आपणांस चिंताग्रस्त वाटले काय?
ती गप्प.
हा शब्द तिच्या गावच्या पाळीवरून कधी गेलाच नव्हता.
मी फॉर्म पालथा ठेवला.

काही झालं नसताना जीव धाकधूक करते?
"रोज."
एक विचार गेला की दुसरा?
"रांग लागते, भाऊ. रेशनसारखी."
पोरगा उशिरा आला तर?
"मी मनातल्या मनात त्याले पोचवून येते."
झोप?
"तीनला डोळा उघडते."

इथे माझा पेन थांबला.

तीनला माझाही उघडतो, कुणी हाक मारल्यासारखा.
उठून गाडीचं लॉक बघतो,
मग कडी, मग परत लॉक.
सकाळी जबडा ठणकतो. प्रमिला म्हणते,
रात्रभर दात खाता, कोणावर एवढा राग?
गेल्या महिन्यात नाइटला, वॉर्ड झोपलेला असताना,
मी स्वतःलाच क्लिपा लावल्या,
एका हातानं बटण दाबलं.
डोंगर, दरी, डोंगर, दरी.
ती पट्टी अजून पाकिटात आहे,
रेशनकार्डाच्या झेरॉक्समागे.
आठ वर्षं मी लोकांच्या हाती नॉर्मल देतो,
ते दारातून बाहेर पडताना
पाठमोरे कसे दिसतात, पाहिलं नव्हतं.

"हे काय आहे मंग?"
मला येतं तेवढं सांगितलं.
सोंग नाही. बाहेरचं नाही.
तुझं हृदय ठीक, हे खरं,
आणि तुला होतं तेही खरं.
मोह वेचताना वाघ दिसला तर अंग जे करतं
तेच करतं, फक्त वाघ नसतो.
ती पहिल्यांदा हसली.
"वाघ बरा. तो जाते तरी."
यावर औषध आहे, म्हटलं. बोलणं आहे.
वेळ लागतो.

मंगळवारी ती माझ्याआधी बाकावर.
काळीपिवळीत दारापाशी बसून आली होती,
दोनदा उतरावंसं वाटलं, म्हणाली, नाई उतरली.
मी एप्रन खुंटीला लावला,
चिठ्ठी फाडली. नऊ.
तिची आठ.
तिनं माझ्या हाताकडे पाहिलं,
काही विचारलं नाही,
रिकामी टोपली पायाशी ओढली
आणि थोडी सरकली.